चार लाख जाती, एक कुलूप

महाराष्ट्रात जाती किती आहेत? सरकारी सूची उघडली तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ४९४. लोकांच्या दारात जाऊन विचारलं तर ४,२८,६७७.

दुसरा आकडा २०११ साली हाती घेतलेल्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेतून निघाला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे प्रतिज्ञापत्रावर तो सांगितला. साऱ्या देशाचा आकडा होता ४६ लाखांच्या घरातला. १९३१ च्या जनगणनेत सगळ्या जातींची मोजणी झाली होती, तेव्हा त्या भरल्या होत्या ४,१४७. ऐंशी वर्षांत हजारपट जाती कुठून आल्या? महाराष्ट्रातल्या त्या सव्वाचार लाख नोंदींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त नोंदींखाली शंभर माणसंसुद्धा नव्हती. सूचीबाहेरच्या, खुल्या प्रवर्गातल्या जाती मोजल्या तरी हा डोंगर कशानेच समजावून सांगता येत नाही.

त्याचं कारण दारातच सापडतं. प्रगणकाने विचारलं, "जात कोणती?" कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी कूळ, कुणी आडनाव, कुणी गोत्र. प्रगणकाच्या हाती निवड करायला आधी ठरवलेली जातींची यादी नव्हती. ऐकलं तसं त्याने लिहिलं. एकच नाव एका गावात एका तऱ्हेने लिहिलं गेलं, शेजारच्या गावात दुसऱ्या. केरळातल्या मापिळा समाजाचं नाव चाळीस तऱ्हांनी लिहिलं गेल्याचं त्याच प्रतिज्ञापत्रात नमूद आहे. संगणकाला दोन स्पेलिंगं म्हणजे दोन जाती. एवढ्या प्रचंड खर्चाची, एवढ्या मनुष्यबळाची मोजणी. तिचा जातींचा तक्ता सरकारने वापरण्याजोगा नाही म्हणून बाजूला ठेवला.

मी समाजशास्त्रातल्या संशोधन पद्धती शिकवते, आणि दर वर्षी पहिल्या तासाला हा आकडा फळ्यावर लिहिते. मुलं आधी हसतात, मग गप्प होतात. त्यांना वाटत असतं की संशोधन पद्धती म्हणजे सूत्रं, संगणकातली पॅकेजेस आणि परीक्षेपुरत्या व्याख्या. सव्वाचार लाखांचा तो आकडा कुठल्याही सूत्राने चुकलेला नव्हता. त्यातली बेरीज अगदी बरोबर होती.

त्याच वर्षीच्या मुख्य जनगणनेत असाच एक उघडा प्रश्न होता: मातृभाषा कोणती? लोकांनी दिलेली वेगवेगळी नावं निघाली १९,५६९. इथेही बोली, गाव, जात, धंदा, सगळं भाषेच्या रकान्यात आलं होतं. पण इथे पुढची व्यवस्था होती. जनगणना कार्यालयातले भाषेचे जाणकार एकेक नाव तपासत बसले, आधीच्या जनगणनांच्या नोंदींशी ताडून पाहत गेले. १९,५६९ चे १,३६९ झाले, त्या १,३६९ चे गट लावून १२१ भाषा ठरल्या, आणि २०१८ मध्ये आपल्याला कळलं की मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८,३०,२६,६८० आहेत. सात वर्षांचं हे काम वर्तमानपत्रात एका ओळीत संपतं. प्रश्न दोन्हीकडे एकाच जातकुळीचा होता. उत्तरांचं काय करायचं हे एका ठिकाणी ठाऊक होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं.

आता उलट टोकाचा आकडा सांगते. तोही पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खोटा वाटला होता.

१२१ कोटींच्या देशात एखाद्या होय-नाही प्रश्नावर लोकांचं मत काय, हे तीन टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने कळायला किती माणसांना विचारावं लागेल? १,०६७. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा उत्तर त्या पट्ट्यात बसेल. म्हणजे एकेक माणूस सव्वाअकरा लाखांहून जास्त लोकांच्या वतीने बोलतो. बरं, देश सोडा, फक्त महाराष्ट्र घ्या. ११ कोटी २३ लाख लोक. तरी १,०६७. गोवा घ्या, २०११ ला १४ लाख ५८ हजार. आता १,०६६. एकच माणूस कमी! आणि हजार मतदारांचं गाव घ्या, तर ५१६. अख्ख्या देशाला हजार माणसं पुरतात आणि एका गावाला त्यातली निम्मी लागतात. हे मनाला पटत नाही. मला पटायला बरेच महिने लागले होते. शेवटी पटलं ते आपल्याच म्हणीने. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं घरचं आहे की लग्नघरचं, हे आपण बघत नाही. शीत तेवढंच.

अचूकता वाढवायची तर मात्र किंमत फार. चूक निम्मी करायला चौपट माणसं लागतात: दीड टक्क्यासाठी ४,२६८, एका टक्क्यासाठी ९,६०४, आणि एका टक्क्याच्या दहाव्या भागासाठी नऊ लाख साठ हजार. राज्याऐवजी प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं उत्तर हवं असेल तर ३६ जिल्ह्यांत ३६ वेळा १,०६७. निवडणुकीच्या दिवसांत वाहिन्यांवर 'दोन लाख लोकांचा महासर्व्हे' अशी पट्टी फिरते तेव्हा मी मुलांना सांगते, दोन लाख हा आकडा आधी झाकून ठेवा आणि विचारा, ही माणसं आली कुठून?

कारण म्हणीतला भात शिजताना पातेल्यात सगळीकडे सारखा उकळलेला असतो. समाज तसा उकळलेला नसतो. वाड्यात एक शीत, वस्तीवर दुसरं.

१९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एक कोटी लोकांना मतपत्रिका टपालाने पाठवल्या. एक कोटी पाकिटांवर पत्ते लिहायचे, तिकिटं चिकटवायची! २३ लाख ७६ हजारांहून अधिक परत आल्या. निष्कर्ष निघाला की तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट हरणार. त्यांना ४३ टक्के दिली. प्रत्यक्षात रूझवेल्टना ६१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, आणि प्रतिस्पर्धी लँडन यांना ४८ पैकी दोनच राज्यं, ५३१ पैकी ८ प्रतिनिधी-मतं. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून, मोटारगाड्यांच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती? त्यातही चारातल्या तिघांहून जास्त लोकांनी उत्तरच पाठवलं नाही, आणि पाठवणारे न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी पन्नास हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मला फार आवडते. डायजेस्टच्याच याद्यांमधून तीन हजार नावं काढून त्यांनी कार्डं पाठवली आणि डायजेस्टचा निकाल येण्याआधीच सांगून टाकलं, 'रूझवेल्टना ४४ टक्के दाखवाल.' एक कोटी पाकिटांची चूक तीन हजार कार्डांत जशीच्या तशी उतरली. १९३८ मध्ये साप्ताहिक बंद पडलं.

हे जुनं झालं, असं कुणी म्हणेल. २०१८ मध्ये हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शियाओ-ली मेंग यांनी २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीचा हिशेब मांडला. ट्रम्प यांना मत देणारे लोक पाहणीत तसं सांगायला किंचितसे कमी तयार होते. किती किंचित? सहसंबंधाचा आकडा उणे ०.००५, दोनशेत एक भाग. वर्गात असा सहसंबंध आला तर आम्ही 'काहीच संबंध नाही' असं लिहून पुढे जातो. पण एवढ्या बारीक कलामुळे २३ लाख लोकांच्या उत्तरांची किंमत खऱ्याखुऱ्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० लोकांइतकी उरते. १९३६ चे २३ लाख आणि मेंग यांचे २३ लाख. ऐंशी वर्षांचं अंतर, आणि खड्डा तोच. पुढे २०२१ मध्ये, अमेरिकेत लसीकरण किती झालं हे विचारणारी फेसबुकवरची पाहणी दर आठवड्याला अडीच लाख उत्तरं गोळा करत होती. मे महिन्यात तिने प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के-बिंदू जास्त लसीकरण दाखवलं. 'नेचर'मधल्या निबंधात संशोधकांनी दाखवलं की तसल्या अडीच लाखांची अचूकता चिठ्ठी टाकून निवडलेल्या दहा माणसांपेक्षा जास्त नसू शकते. दहा! आणि नमुना जितका मोठा तितका चुकीच्या उत्तरावरचा विश्वास दांडगा, कारण सूत्र बिचारं फक्त संख्या बघतं.

मग चिठ्ठी टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं? मी एम.ए.ला असताना आमच्या सरांनी आम्हाला नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यातल्या एका गावी नेलं. डिसेंबर होता. ग्रामपंचायतीत घरपट्टीची यादी तयार होती. आम्हाला वाटलं, झालं काम. सर म्हणाले, "ही घरपट्टी भरणाऱ्यांची यादी आहे. गावात राहणाऱ्यांची तुम्ही करा." दोन दिवस आम्ही खडू घेऊन हिंडलो. मारुतीच्या पारापासून सुरुवात केली आणि उजव्या हाताने जात प्रत्येक दारावर नंबर टाकत गेलो. गायरानातली पालं, मळ्यातल्या मजुरांच्या खोल्या, पोल्ट्रीच्या मागच्या दोन पत्र्याच्या खोल्या. घरपट्टीच्या यादीत यातलं एकही दार नव्हतं. गावातली सगळी मिळून बरोबर ३०० दारं भरली. डायजेस्टची गोष्ट सरांनी त्या संध्याकाळी पारावर बसून सांगितली, तेव्हा कुणालाही समजावून सांगावी लागली नाही.

३०० घरांतून २० निवडायची होती. यादृच्छिक आकड्यांचं पुस्तक सरांनी पिशवीतून काढलं. ज्याला काहीही अर्थ नाही अशा आकड्यांची पानंच्या पानं छापलेली मी पहिल्यांदा पाहिली. असलं पहिलं पुस्तक लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी १९२७ मध्ये काढलं, ४१,६०० अंकांचं. १९५५ मध्ये अमेरिकेच्या रँड संस्थेने तब्बल दहा लाख अंकांचं छापलं. माणसाला मनाने निवडायला सांगितलं तर तो निवडत नाही, आवडतं ते उचलतो. म्हणून ही मेहनत.

३०० तून २० घरांच्या याद्या किती तऱ्हांनी होऊ शकतात? ढोबळमानाने, ७५ वर २९ शून्यं असतील एवढ्या. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. सेकंदाला १०० कोटी याद्या या वेगाने कुणी विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत लिहीत बसलं असतं, तरी सगळ्या याद्या संपवायला असली सतरा हजार विश्वायुष्यं लागली असती. एका लहानशा गावातली वीस घरं! आणि खरं आश्चर्य पुढेच आहे. समजा त्या ३०० घरांत भूमिहीन १२० आहेत. या अगणित याद्यांमधली कुठलीही एक डोळे मिटून उचला. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा तिच्यात भूमिहीन घरं चार ते बारा यांच्यामध्येच असतील. वीसवर उत्तर ढोबळ आहे, ते वाढवता येतं. पण त्या अफाट ढिगात फसवणाऱ्या याद्या किती थोड्या आहेत, हे आपल्याला एकही यादी न बघता सांगता येतं. अट एकच: डोळे खरोखर मिटलेले हवेत.

ही विद्या आपल्याकडे उशिरा आली असा समज आहे. तो काढून टाकायला हवा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली, तिथून बंगालच्या तागाच्या पिकाच्या पाहण्या झाल्या, आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिने जगाला कित्ता घालून दिला. त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे दिल्लीत शेतीच्या आकडेवारीवर काम करत होते, आणि दोघांमध्ये एका प्रश्नावरून जोरदार वाद झाला: पीक किती आलं हे पाहायला शेतातला किती मोठा तुकडा कापायचा?

महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे. तेवढ्याच खर्चात जास्त शेतं होतात. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का, ते कागदावर करून बघा. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ आखलं. क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट, आणि परीघही साडेबारा फूट. कडेवरची ओंबी आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात साहजिकच आत घेतो. चारही बाजूंनी दोन इंच जास्त कापलं गेलं तर उत्पन्न १७ टक्क्यांनी फुगलं. आता १० मीटर लांब, ५ मीटर रुंद तुकडा घ्या आणि तीच दोन इंचांची चूक करा. फुगवटा ३ टक्के. आजही पीक कापणी प्रयोगावर विम्याची भरपाई ठरते. बांधावर विळा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे दोन इंच हजारो शेतकऱ्यांच्या खात्यात उतरतात.

मोजणाऱ्याच्या हातासारखीच सांगणाऱ्याची आठवण. राष्ट्रीय नमुना पाहणीत पूर्वापार विचारत, 'गेल्या ३० दिवसांत काय काय खर्च झाला?' नव्वदच्या दशकात काही घरांना प्रयोग म्हणून अन्नधान्यासाठी 'गेल्या ७ दिवसांत' असं विचारलं. अलीकडचं जास्त आठवतं. खर्चाचा आकडा वाढला. इतका, की त्या हिशेबाने देशातले गरीब जवळजवळ निम्मे झाले. कुणाच्या ताटात एक घासही वाढला नव्हता. पुढे १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच पानावर शेजारीशेजारी विचारले. माणूस एका उत्तरावरून दुसरं जुळवतो, तसंच झालं. सरकारी गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ वर आल्याचं जाहीर झालं, आणि त्यातली खरी घट किती व प्रश्नाची करामत किती, यावर जगभरचे अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं खपले. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये याच पाहण्यांच्या आधारे मांडलं होतं की खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं पुरेसं अन्नसुद्धा घेऊ शकत नव्हती. देशाचं गरिबीवरचं पुष्कळसं पुढचं बोलणं त्यांच्या मांडणीवरून सुरू झालं. त्या टक्क्यांच्या मुळाशी कुणीतरी ओट्याशी बसून विचारलेलं 'तेल किती आणलं?' आहे.

या पाहणीच्या २०२२-२३ च्या फेरीत असं विचारलेली घरं होती २,६१,७४६. आणि आता २०२७ ची जनगणना समोर आहे. तिच्यात जात विचारायची, हे केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं. लाखो प्रगणक कोट्यवधी दारांत तोच प्रश्न घेऊन उभे राहतील. त्यांतले पुष्कळ आपल्या शाळांतले मास्तर-बाई असतील. त्यांना किती दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, हातात जातींची यादी कशी दिली जाते, यादीत न बसणारं उत्तर आलं तर काय लिहायचं हे कोण सांगतं, याकडे मी जीव मुठीत धरून बघते आहे. ४६ लाखांचा ढीग पुन्हा उभा राहिला तर त्याखाली खरीखुरी माणसं गाडली जातील. ज्यांची संख्याच कधी कुणाला कळली नाही अशी.

त्या गावात माझ्या वाट्याला आलेल्या घरांत सतरा नंबर होता. सकाळी गेले, कुलूप. दुपारी गेले, कुलूप. शेजारच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते. "अगं, तिथं कशाला खेटे घालतेस? आमचंच लिहून घे की. घर तेच, गाव तेच." मला ते पटलं. संध्याकाळी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "दिवसा कुलूप असतं ते कुणाचं घर? कामावर जाणाऱ्याचं. कुलपाची घरं सोडून दिलीस तर तुझ्या गावात सगळे रिकामेच बसलेले निघतील."

रात्री आठला वर्गातली एक मैत्रीण आणि मी बॅटरी घेऊन गेलो. दार उघडं होतं. बाई द्राक्षाच्या विरळणीवरून येऊन चुलीपुढे बसली होती, बोटांची नखं काळी-हिरवी झालेली. आम्ही कशाला आलो ते सांगितलं.

"एवढ्या गावात आमचंच नाव कसं निघालं?"

"चिठ्ठी निघाली, ताई."

"मंग बसा."

पोतं पुढे सरकवलं. मी प्रश्नावलीचं पहिलं पान काढलं. पहिला रकाना, सगळ्यात सोपा: एका चुलीवर जेवणारी माणसं किती? तिने बोटांवर मोजलं. ती, नवरा, दोन पोरं. चार. मग हात तव्यावर तसाच थांबला.

"सासूबाईंना कुठं धरायचं? पंधरा दिवस आमच्यात असत्यात, पंधरा दिवस दिराकडं. पुनवेला येत्यात, अवसेला जात्यात."

"आज कुणाकडे आहेत?"

"आज दिराकडं. उद्या पुनव."

दिराचं घर आमच्या वीसांत नव्हतं. रकान्यात एका आकड्यापुरती जागा होती. मी ४ लिहिलं, खोडलं, ५ लिहिलं, तेही खोडलं, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: सरांना विचारायचं.